मागितला कोळी, मिळाला कोळी

मित्रांनो, मी एक जुना कोळी आहे. हसू नका. माझ्या डोक्यावर लाल तुरा आहे, तोंडाला चोच आहे, अंगभर पिसं आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही मी कोळीच आहे. तो कसा, हे आजवर कुणी विचारलं नाही. लोकांना हसायला वेळ असतो, विचारायला नसतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं आहे. 'कवटी कुणाची' हा आमच्या भालकीत तयार झालेला सिनेमा तुमच्या घरच्या मोबाइलवर असेलच. दोन जादूगारांचं भांडण, पडका बुरूज, भुतं, कवट्या आणि शेवटी धुरातून झुलत झुलत येणारा आठ पायांचा कोंबडा. तो मी. त्या जागेवर आलात की तुम्ही बोटानं सिनेमा मागे सारता, पुन्हा बघता, पुन्हा हसता आणि वर दोस्तालाही पाठवता. पाठवा. माझी काय हरकत असणार? मला विचारतो कोण!

तर तुमच्या ह्या लाडक्याला यंदा सिनेमातून पुसून टाकायचं ठरलं होतं. मोडून नव्हे, जाळून नव्हे, पुसून. म्हणजे सिनेमा तोच, जादूगार तेच, धूरही तोच, फक्त त्या धुरात मी नाही. मी कधी नव्हतोच, असं होणार होतं. ते का ठरलं आणि पुढे काय झालं हे सांगायचं, तर माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल, कारण घोळ तिथेच झालेला आहे.

भालकीत शिवप्रसादचं लग्नाचे व्हिडिओ काढायचं दुकान होतं. अक्षता, पंगती, रुसलेले व्याही आणि रडणाऱ्या नवऱ्या मुली काढून काढून तो वैतागला होता. आपण एक सिनेमा काढायचा, आणि असा काढायचा की बघणाऱ्यानं चार दिवस एकट्यानं अंधारात पाऊल टाकू नये, असं त्यानं मनाशी घेतलं. गोष्ट त्यानंच लिहिली. एका मंतरलेल्या कवटीसाठी दोन जादूगार हटून बसतात. मोठा करालसिंग, दुष्ट आणि कपटी. धाकटा मायाप्पा, भित्रा पण चलाख.

करालसिंगाच्या कामाला त्यानं आप्पारावांना घेतलं. भालकीच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं तूर-हरभऱ्याचं आडत दुकान. अंगानं धिप्पाड, आवाज असा की ते लिलाव बोलायला लागले की गाडीचे बैल कान टवकारायचे. गावच्या नाटकात कंस, यम, राक्षस ही कामं ठरलेली त्यांचीच. आपल्याला बघून माणसं घाबरतात याचा त्यांना भारी अभिमान होता. मायाप्पाचं काम मिळालं मन्नाएखेळ्ळीच्या काशाप्पाला. त्याचे वाडवडील मेंढरांमागे फिरायचे. तो स्वतः थोडी शेती करायचा आणि सणासुदीला मखरं, मुखवटे, राक्षसांची मुंडकी बनवून द्यायचा. त्यामुळे सिनेमातल्या कवट्या, भुतं आणि शेवटचं जनावर बनवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. शेवटचं जनावर म्हणजे मी.

करालसिंग आपली काठी जमिनीवर आपटतो आणि त्या काठीचा एक प्रचंड विषारी कोळी होतो, असं शिवप्रसादनं लिहिलं होतं. किती चांगलं लिहिलं होतं! आठ केसाळ पाय, डोळ्यांत आग, तोंडातून गळणारी लाळ. मला ते ऐकूनसुद्धा अजून गहिवरून येतं.

मित्रांनो, आता नीट ऐका. आमच्या मराठी-कन्नड सीमेच्या भागात एक रीत आहे. समोरच्याच्या घरची भाषा आपल्याला थोडीफार येत असेल, तर चार शब्द तिच्यातून बोलायचे. तेवढाच मान दिल्यासारखं होतं. शिवप्रसादच्या घरात मराठी, काशाप्पाच्या घरात कन्नड. मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या हॉटेलात चहा पिता पिता शिवप्रसाद मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "काशाप्पण्णा, पिच्चरिगे वंदु दोड्ड कोळी बेकु." म्हणजे, पिक्चरला एक मोठा कोळी पाहिजे.

काशाप्पानं तितक्याच आपुलकीनं मराठीत विचारलं, "करतो की. केवढा पायजे?"

"वासराएवढा. बघितल्याबरोबर मान्साची बोबडी वळली पायजे."

"कोळी बघून?" काशाप्पा जरा थांबला. मग बशीतला चहा संपवून म्हणाला, "बरं. वळवू."

सीमेवरच्या मुलांच्या ध्यानात आलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. मराठीत कोळी म्हणजे जाळं विणणारा. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी नाहीतर कोंबडा. शिवप्रसादनं अख्खं वाक्य कन्नडमधून म्हटलं आणि नेमका तेवढा एक शब्द मराठीतला ठेवला. कोळ्याला कन्नडमध्ये जेड म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, ऐन वेळी तोंडात आलं नाही. तो सरळ मराठीत बोलला असता तर मी कोळी झालो असतो. धड कन्नडमध्ये बोलला असता तरी झालो असतो. मान द्यायला गेला आणि माझं वाटोळं झालं.

काशाप्पाला नवल वाटलं होतं. कोंबड्याला कोण घाबरणार? पण सिनेमावाल्यांची डोकी न्यारीच असतात असं म्हणून तो कामाला लागला. त्याच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगतो. वेळूच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर बारदाना ताणला, त्यावर काळी घोंगडी शिवली. चिकनच्या दुकानातून पिसं आणून, धुऊन, वाळवून एकेक टाचलं. चोच तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. तुरा लाल रेक्झिनचा, दुहेरी टाके घालून बसवलेला. डोळ्यांच्या जागी सायकलीचे दोन लाल रिफ्लेक्टर. अशा कोंबड्याला बघून खरे कोंबडे पळाले असते. कोंबडा म्हणून मी देखणा होतो, पण मला कोंबडा व्हायचंच नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी काशाप्पा मला टेम्पोतून बुरुजापाशी घेऊन आला. शिवप्रसादनं कॅमेऱ्यामागून मान वर काढली.

"अण्णा, हे काय हाय?"

"कोळी."

"कोळी कुठाय?"

"ह्यो काय. तुझ्याम्होरं हुबा हाय की."

"आरं, हा कोंबडा हाय."

"मग मी काय म्हनायलोय? कोळीच हाय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. तेव्हा कुणी हसलं नाही. आप्पाराव काळा झगा घालून, मिशा चिकटवून तयार होते. ते म्हणाले, "मी ह्या कोंबड्याम्होरं मंत्र म्हनायचा? गंजातली मानसं काय म्हनतील मला?" शिवप्रसाद डोक्याला हात लावून बसला. कॅमेरा दुसऱ्या दिवशी उदगीरच्या लग्नाला जायचा होता. नवीन कोळी करायला वेळ नव्हता आणि ऊन उतरायला लागलं होतं.

मग काशाप्पानंच तोड काढली. तारेवर सायकलची ट्यूब गुंडाळून त्यानं सहा पाय केले आणि माझ्या पोटाखाली ठोकले. आधीचे दोन आणि हे सहा. तुरा काढायला गेला तर डोकंच फाटायला लागलं. काळा रंग लावून बघितला, रेक्झिनवर तो टिकेना. शेवटी शिवप्रसाद म्हणाला, "धूर जास्ती सोडा, दिसनार न्हाई." धूर जास्त सोडला, पण दिसायचं ते दिसलंच. काठी आपटली, आप्पाराव गरजले, "ऊठ, माझ्या विषारी सेवका! गिळून टाक ह्याला!" आणि मागून दोऱ्या ओढल्याबरोबर मी धुरातून बाहेर आलो. तुरा थरथरत होता, पाय चार दिशांना चार चालले होते आणि एक पाय तर उलटाच वळून पाठीवर आला होता. मायाप्पा झालेल्या काशाप्पानं भीतीनं किंचाळायचं होतं. त्यानं पोट धरलं आणि तो जमिनीवर लोळायला लागला. पुन्हा काढायला टेप उरली नव्हती, म्हणून जे निघालं तेच सिनेमात राहिलं.

भालकीच्या मंगल कार्यालयात सिनेमा पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मी पडद्याच्या बाजूला, चादरीखाली होतो आणि फटीतून बघत होतो. सिनेमा संपला की मला लोकांसमोर आणायचं, असा बेत होता. शेवटापर्यंत सगळं मनासारखं चाललं होतं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, पोरं मांडीत शिरली होती. आता माझी पाळी, असं मी स्वतःला म्हणालो. आता ह्यांची बोबडी वळणार. मग मी पडद्यावर आलो आणि कार्यालयाचे पत्रे उडतील एवढं हसू उसळलं. म्हातारेकोतारे डोळे पुसत होते. "परत लावा, परत लावा," म्हणून मागून ओरडा सुरू झाला.

पहिल्या हशालाच आप्पाराव उठले आणि तडक घरी गेले. स्वतःचं शेवटचं काम त्यांनी तेव्हा बघितलं नाही आणि पुढेही कधी बघितलं नाही.

त्यानंतरची माझी वर्षं कौतुकात गेली असं लोक म्हणतात. कौतुक झालं, नाही म्हणत नाही. केबलवाल्यानं सिनेमा दर सणाला लावला. लग्नाच्या वरातीपुढे मला नाचवलं. पण मित्रांनो, मला भीतीसाठी मागितलं होतं. एक, निदान एक तरी पोर मला बघून आईच्या पदराआड लपलं असतं, तर माझ्या जन्माचं सार्थक झालं असतं. तसं कधी झालं नाही. पोरं यायची आणि माझा तुरा ओढायची. कुणी माझ्या चोचीत शेंगदाणा ठेवायचं. कोळ्याला शेंगदाणा!

आप्पारावांचं दुःख माझ्याहून मोठं होतं, हे मी मान्य करतो. गंजात ते लिलाव बोलायला उभे राहिले की पोत्यांच्या थप्पीआडून कुणीतरी "कुकूच कू" करायचं. पंगतीत बसले की वाढपी विचारायचा, "सावकार, कोळी वाढू का?" त्यांनी नाटकात काम करणं सोडलं. कंस दुसऱ्याला दिला, यम तिसऱ्याला. शिवप्रसादला दुकानाची पायरी चढू देईनात आणि काशाप्पा समोर आला तर रस्ता बदलू लागले. कुणी विषय काढलाच, तर त्यांचं एकच म्हणणं असायचं. "मी चोख काम केलतो. मी जरा बी हसलो न्हाई. त्या कोंबड्यानं माजा घात केला."

म्हणजे पुन्हा मीच! चूक शब्दाची, घाई शिवप्रसादची, हसला काशाप्पा, आणि घातकी कोण, तर मी.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. ज्याचं लग्न तोच व्हिडिओ काढू लागला. शिवप्रसादनं दुकान बंद केलं आणि बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत एका गोदामावर नोकरी धरली. मला टाकवेना आणि घरात ठेववेना, म्हणून त्यानं मला एका मोठ्या पोत्यात घातलं, सुतळीनं तोंड बांधलं आणि गोदामाच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं. तिथे मी वर्षानुवर्षं पडून होतो. उंदरांनी घोंगडी कुरतडली, ओलीनं बारदाना कुजला, पिसांचा भुगा झाला. ट्यूबचे पाय एकेक करून गळून पडले. पोत्याला उंदरांनी पाडलेल्या भोकातून मला बाहेरचं दिसायचं. दुपारच्या सुट्टीत कामगार डबे उघडून बसायचे आणि मोबाइलवर माझीच गंमत बघून खदखदा हसायचे, माझ्या पोत्याला पाठ टेकून. माझी किती चिडचिड झाली असेल, तुम्हीच विचार करा.

यंदा भालकीच्या मंडळींनी ठरवलं की 'कवटी कुणाची' पुन्हा मोठ्या पडद्यावर लावायचा, त्याच मंगल कार्यालयात, आणि दोन्ही जादूगारांचा सत्कार करायचा. शिवप्रसाद भीत भीत आप्पारावांकडे गेला. आप्पारावांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "येतो मी. पन तो कोंबडा दिसला न्हाई पायजे. तिथं खरा कोळी दाखवा. मरायच्या आधी एकदा लोक मला भ्यालेले बघायचेत."

हे आता करता येतं म्हणे. आप्पारावांची मुलगी विजयश्री बिदरला कॉम्प्युटरवर चित्रांचं काम करते. लहानपणी शाळेत तिला सगळे कोंबडीवाल्याची पोर म्हणायचे. वडिलांचं दुखणं तिनं जवळून पाहिलेलं, त्यामुळे तिनं लगेच हो म्हटलं. माझी उंची, रुंदी, तुऱ्याची जागा नीट कळावी म्हणून मला गोदामातून भालकीला आणलं. पोत्यातून काढलं, चारही बाजूंनी फोटो घेतले आणि पुन्हा पोत्यात घालून आप्पारावांच्या बैठकीत दाराजवळ ठेवलं. माझ्याच मापानं माझा काटा काढायचा होता.

शिवप्रसादनं काशाप्पाला फोन केला. मी पोत्यातून ऐकत होतो.

"अण्णा, सावकाराच्या मनासारखं करायलाव. तो कोळी काढून टाकायलाव."

पलीकडून काशाप्पाचा आवाज आला. "तुमचा पिच्चर, तुमचा कोळी. मला कामून इचारायलास?" आणि त्यानं फोन ठेवला. ज्यानं एकेक पीस टाचलं होतं, त्याला तेवढंच बोलता आलं. मला बोलता आलं असतं, तर मी फार बोललो असतो.

काम पुरं झालं तसं विजयश्रीनं एका दुपारी बैठकीत टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. समोर आप्पाराव, बाजूला शिवप्रसाद, दाराशी पोत्यात मी, भोकाला डोळा लावून. धूर झाला. काठी आपटली. आणि तो आला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? तो फार सुंदर होता. काळाकुट्ट, केसाळ, आठही पाय एका लयीत पडणारे. डोळे लुकलुकत होते आणि तोंडातून तार गळत होती. शिवप्रसाद खुर्चीत मागे सरकला. मी जे व्हायला हवं होतं ते माझ्यासमोर, माझ्याच जागेवर चालत होतं आणि मी भुगा होऊन पोत्यात बसलो होतो. इतकं वाईट मला गोदामातही वाटलं नव्हतं.

"बास," आप्पाराव एकदम म्हणाले. "थांबव ते."

विजयश्रीनं थांबवलं. "कामून अप्पा? आवडला न्हाई?"

"कोळी चांगला हाय. पन ह्यो कामून हसायलाय?"

"कोण?"

"ह्यो. करालसिंग."

पडद्यावर एका बाजूला तो भयंकर कोळी होता आणि दुसऱ्या बाजूला आप्पाराव, त्या वेळचे, काळ्या झग्यातले. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, नाकपुड्या थरथरत असलेल्या. एका बाजूची मिशी सुटून लोंबत होती. साक्षात मरण समोर उभं असताना हा माणूस हसू दाबत होता. येडपट दिसत होता अगदी.

विजयश्री हळूच म्हणाली, "अप्पा, कोळी मला बदलता आला. तुमचं तोंड कसं बदलू? तुमी कोंबड्याकडं बघायलात की तिथं."

"मी हसलो न्हवतो," आप्पाराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "जुनं लाव बघू."

तिनं जुनं लावलं. मी आलो, उलट्या पायानं, तुरा हलवत. आप्पारावांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. करालसिंग मला बघतो, गाल फुगवतो, ओठ चावतो आणि आता फुटणार असं वाटल्याबरोबर झगा फिरवून पाठ करतो. झग्याखाली त्याचे खांदे गदगदा हलतात. लोकांना वाटायचं, जादूगार संतापानं थरथरतोय. आणि काशाप्पा लोळायला लागतो तो त्याच्यानंतर, त्याला बघून.

"काशाप्पाच्या आधी तुमीच फुटलाय, सावकार," शिवप्रसाद म्हणाला.

"मग इतकी वर्सं सांगितलं कामून न्हाईस?"

"तुमी पायरी चढू दिली का?"

आप्पारावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि परत एकदा. एवढी वर्षं ते ज्या गोष्टीची शपथ घेत होते ती खोटी निघाली होती, आणि त्यांना राग यायला हवा होता. पण ते नुसते त्या झग्यातल्या माणसाकडे बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कंस झालो, यम झालो, धा जागी बक्षिसं घेतली. असा खुशीत मी कवाच दिसलो न्हाई गं." विजयश्रीनं कॉम्प्युटर बंद केला.

मग ते उठले, माझ्या पोत्याची सुतळी सोडली आणि मला बाहेर ओढलं. मित्रांनो, मला वाटलं, आता हा माणूस माझी माफी मागेल. एवढी वर्षं घातकी म्हणाला, तर निदान चुकलं म्हणेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या अर्धवट पिसांकडे, वाकड्या चोचीकडे बघितलं, आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "ह्याचे पाय कुठं गेले रे?"

तसेच आम्ही मन्नाएखेळ्ळीला निघालो. गाडीत आप्पाराव पुढे, मी मागच्या सीटवर, चोच खिडकीबाहेर. रस्त्यावरच्या लोकांनी बोटं दाखवली, एक मोटारसायकलवाला तर वळून बघता बघता खड्ड्यात गेला. काशाप्पा अंगणात बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही.

"काय सावकार, पुसला न्हवं ह्याला? मग परत कामून आनलाव?"

आप्पाराव म्हणजे गंजात दिवसभर ओरडणारा माणूस, पण इथे घसा खाकरत उभा राहिला. "पाय गळालेत," शेवटी ते म्हणाले. "लावून दे."

काशाप्पानं माझ्यावरून हात फिरवला. कुरतडलेल्या घोंगडीपाशी हात थांबला. मग तो आत गेला आणि तार, जुनी ट्यूब, पक्कड घेऊन आला. खाली बसला आणि काम करू लागला. थोड्या वेळानं आप्पारावही धोतर आवरून शेजारी बसले आणि तार धरू लागले. सगळे पाय लागत आले तेव्हा काशाप्पानं पक्कड बाजूला ठेवली.

"आता तरी एकदाचं सांगा. तुरा काढून कोळी करू, का पाय काढून कोंबडा करू?"

"काय बी काढू नगंस," आप्पाराव म्हणाले. "तू कोळी म्हन. मी बी कोळी म्हनतो."

काशाप्पाला हसू आलं, ते त्यानं ट्यूब ताणण्यात लपवलं, आणि घरात बघून त्यानं चहा टाकायला सांगितलं.

मला मात्र कुणी विचारलं नाही! माझ्यासमोर, माझ्याच अंगाबद्दल हा सगळा विचारविनिमय चालला होता आणि तुला काय व्हायचं आहे, असं दोघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर मी अजूनही कोळी म्हटलं असतं. आता कोणता कोळी, ते मात्र मलाच सांगता येईनासं झालं आहे.

सिनेमा लागला, जुनाच लागला. मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही जादूगारांनी एकमेकांना हार घातले आणि मधे मी. मी डोळे वटारून बघितलं, एकही पोर घाबरलं नाही. सगळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं आप्पाराव हसले.

सध्या माझा मुक्काम त्यांच्या आडत दुकानात आहे, वजनकाट्याच्या वर, भिंतीवर. बाहेरगावचे शेतकरी विचारतात, हे काय आहे, आणि आप्पाराव सांगतात, कोळी. पुढे काही सांगत नाहीत. धान्याच्या दुकानात उंदीर किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. काल एक माझ्या शेपटीपर्यंत येऊन गेला. तेव्हा मित्रांनो, गंजात आलात तर त्यांना एवढं सांगा, ह्याला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, फडक्यानं पुसा आणि वर टांगलेली दोरी बदला. तुमच्या घरीही असं एखादं चुकून बनलेलं, कुणालाच धड न कळलेलं काही असेल, तर ते फेकण्याआधी एकदा समोर ठेवून नीट बघा. हसू आलं तर हसा. हसण्यानं माझं एक पीसही गळालं नाही. जे गळालं, ते सगळं पोत्यात गळालं.